जुन्या गाडीला कार्बन क्लिनिंग करावं का?

गाडी दहा-बारा वर्षांची झाली की सर्व्हिसिंगच्या एस्टिमेटमध्ये कार्बन क्लिनिंग (इंजिनात साचलेली काजळी काढणं) येतंच. मायलेज वाढेल, पिकअप येईल, पीयूसीचं टेन्शन नाही वगैरे वगैरे. आमची वॅगनआर पेट्रोल आणि मामेभावाची स्विफ्ट डिझेल, दोघांनाही एकाच गॅरेजात सेम मशीन सेम रेटने सुचवलं आणि तिथेच मला शंका आली, कारण या दोन गाड्यांत कार्बन मुळात वेगवेगळ्या जागी बसतो.

साध्या एमपीएफआय पेट्रोलमध्ये (पेट्रोल सिलिंडरच्या बाहेरच फवारलं जातं अशी इंजिनं) फवारा इनटेक व्हॉल्व्हच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतो, त्यामुळे व्हॉल्व्ह येताजाता धुतला जातो. काळा चिकट थर येतो तो थ्रॉटल बॉडीवर (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप असते तो भाग), मग आयडलिंग वरखाली, सिग्नलला गाडी बंद पडणार. त्याला क्लीनर स्प्रेचा एक कॅन आणि फडकं पुरतं (इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर झडप बोटाने ढकलू नका, आणि नंतर बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावून आयडल सेट करावं लागतं). पोलो जीटी टीएसआयसारख्या डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांचं दुखणं खरं आहे, तिथे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्ह कोरडाच राहतो आणि त्यावर थर चढत जातो.

डिझेलमध्ये तर ईजीआर नावाचा व्हॉल्व्ह एक्झॉस्टचा धूर परत इनटेकमध्ये पाठवतो, त्यात इंजिनातून येणारी ऑइलची वाफ मिसळते, आणि मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणारे पाइप) डांबरासारखा गाळ साचतो.

आता ते हायड्रोजनवालं मशीन. पाण्याचं विघटन करून हायड्रोजन आणि ऑक्सिजन एअर इनटेकमधून सोडतात, गाडी अर्धा-पाऊण तास आयडलवर चालू. ठीक आहे, पण हा गॅस जळणार कुठे, सिलिंडरच्या आत ना? मग ईजीआर आणि मॅनिफोल्डमधला गाळ, जो त्याच्या आधीच्या वाटेवर आहे, तो कसा जळेल? हे मी विचारलं तर मला सायलेन्सरमधून पडणारं काळं पाणी दाखवलं. अहो ते कुठल्याही जुन्या गाडीत पडतं, पेट्रोल जळलं की पाणी तयार होतंच आणि ते पाइपातली काजळी घेऊन बाहेर येतं.

सिलिंडरच्या आत कार्बन असेल तर त्रास होतो हे मान्य. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) वाढतं, थर तापून लाल होतो, चढावर नॉकिंग म्हणजे इंजिनाची टकटक ऐकू येते. पण मग स्पार्क प्लग काढून त्या भोकातून एंडोस्कोप कॅमेरा घालून पिस्टन दाखवा म्हणावं, आधी आणि नंतर. काढलेला प्लगही बघा. कोरडा काळा असेल तर मिश्रण रिच आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, एअर फिल्टर किंवा ऑक्सिजन सेन्सर तपासा, ओला तेलकट असेल तर ऑइल जळतंय. आणि सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल तर व्हॉल्व्ह सील नाहीतर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, तिथे दोन-तीन हजारांचं क्लिनिंग करून काय होणार, थोड्याच दिवसांत परत तेच. त्यापेक्षा कॉम्प्रेशन टेस्ट करा, निदान खरं काय ते कळेल.

१५ वर्षं झाली की आरटीओत रिपासिंग येतं, तेव्हा बरेच जण घाबरून हे करून घेतात. आमच्या वॅगनआरला प्लग, एअर फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी एवढ्यावर पीयूसी आरामात मिळाली.

भावाने मात्र ईजीआर आणि मॅनिफोल्ड उतरवून हाताने साफ करून घेतलं, गॅस्केट नवीन टाकल्या, मजुरी धरून मशीनच्या पॅकेजपेक्षा जास्तच गेले. खालच्या आरपीएमला गाडी दबायची ते गेलं, काळा धूर कमी झाला, मायलेज होतं तेवढंच आहे. आता त्याचं ऑफिस दोन किलोमीटरवर, इंजिन धड गरम व्हायच्या आत गाडी बंद, म्हणजे गाळ परत साचणारच, त्याला म्हटलं अधूनमधून हायवेला जरा ताणत जा.