एक्साइटबाइकचे साडेपाच गुण मागे

मागच्या वेळी एक्साइटबाइकला, म्हणजे निन्टेंडोच्या जुन्या मोटरसायकल शर्यतीच्या व्हिडिओ गेमला, मी दहापैकी साडेपाच दिले होते, तेही ‘लहानपणच्या आठवणींखातर’ असा शेरा मारून. ते गुण मागे घेतोय. एकट्या एक्साइटबाइकचे नाही, आत्तापर्यंत दिलेले सगळ्या अकरा स्पोर्ट्स कॅसेटचे. ज्यांच्या माळ्यावर नव्वदच्या दशकातला डबा (टीव्हीला जोडून कॅसेट घालायचा नकली निन्टेंडो) अजून शिल्लक आहे, त्यांनी वाचता वाचता मोबाइलमधलं स्टॉपवॉच उघडून ठेवावं.

तक्रार आठवत असेल: गाडी चिकट चालते, उडी मारली की खाली यायचं नावच घेत नाही. पहिला संशय रिमोटवर. बटणांखालचं कार्बनचं रबर गेलं असणार म्हणून तपकीर गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. पहिल्या दुकानातलं रबर इतकं कडक निघालं की अर्ध्या तासात अंगठ्याला घट्टा पडला. दुसरीकडचं बरं निघालं, पण गाडी तशीच. मग कॅसेटचे पॉइंट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. (फुंकर मारणाऱ्यांनो, कृपा करा. थुंकी पॉइंटवर बसते आणि ते काळे पडतात. आपण सगळ्यांनी हे पाप केलंय, आता पुरे.) फरक शून्य. शेवटी दोष स्वतःला दिला: पंचेचाळिशीचा अंगठा, दुसरं काय! साडेपाच गुण त्या उदास रात्री दिलेले आहेत.

मग मावसभाऊ जपानहून आला आणि बॅगेत पांढरा-मरून फॅमिकॉम, म्हणजे आपले डबे ज्याची नक्कल आहेत तो निन्टेंडोचा अस्सल जपानी डबा, घेऊन आला. मूळ जातीचा, १९८३ च्या डिझाइनचा, रिमोट वायरीसकट कायमचे जोडलेले, दुसऱ्या रिमोटला स्टार्ट-सिलेक्टच्या जागी मायक्रोफोन. आनंद दहा मिनिटं टिकला. वीज ही अडचण नव्हती. आत व्होल्टेज पाचवर आणून धरणारा ७८०५ रेग्युलेटर आहे, त्यामुळे आपल्याकडचा ९ व्होल्टचा डीसी अडॅप्टर चालतो, फक्त मधली पिन निगेटिव्ह हवी. अडचण चित्राची. हा जपानी चॅनल १ किंवा २ वर सिग्नल सोडतो आणि ती जागा म्हणजे आपल्याकडचा एफएम रेडिओचा पट्टा. टीव्हीला काही सापडेना.

तेव्हा एव्ही मॉड, म्हणजे चॅनलऐवजी टीव्हीच्या व्हिडिओ इनपुटला थेट चित्र द्यायची जोडणी. पीपीयूच्या (चित्र काढणाऱ्या चिपच्या) २१ नंबरच्या पायावरून काँपोझिट, म्हणजे चित्राचा एकाच वायरीतला, सिग्नल घ्यायचा आणि एका ट्रान्झिस्टरच्या छोट्या अँप्लिफायरमधून बाहेर काढायचा. दुपारभराचं काम. चित्र आलं, पण कृष्णधवल, आणि त्यावर उभ्या पट्ट्या, म्हणजे आपले लाडके जेलबार. पट्ट्यांवर इलाज जुनाच: २१ नंबरचा पाय बोर्डातून उचलायचा आणि वायर थेट पायालाच जोडायची. चाळीस वर्षं जुन्या चिपचा पाय वाकवताना मी श्वास रोखून धरला होता. मोडला नाही. पट्ट्या जवळजवळ गेल्या. रंग मात्र आला नाही, कारण माझा टीव्ही रंगाची फक्त आपल्याकडची पद्धत, पाल, ओळखतो आणि समोरून येतंय जपानमधलं एनटीएससी.

असू दे म्हटलं आणि तसाच काळा-पांढरा एक्साइटबाइक लावला. पहिल्याच उडीला उताणा पडलो. दुसऱ्या उडीलाही. गाडी खाली आली तेव्हा माझा अंगठा अजून वरच होता.

स्टॉपवॉच तेव्हा काढलं. ट्रॅकवरचं घड्याळ शून्यापासून ठरावीक आकड्यापर्यंत जायला फॅमिकॉमवर ५० सेकंद लागली. तीच कॅसेट, तोच आकडा, माझ्या जुन्या डब्यावर ६०. तीनदा मोजलं. एकदा बायकोकडून मोजून घेतलं, कारण माझ्या हातावर माझाच विश्वास उरला नव्हता. तिचेही ६० आले. ‘आता दूध आणायला जा,’ हेही आलं.

डबा उघडला. आत यूएमसी कंपनीच्या दोन चिप, यूए६५२७पी (सीपीयू, म्हणजे मुख्य प्रोसेसर) आणि यूए६५३८ (पीपीयू), आणि त्यांना ठेका देणारा २६.६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. सगळा उलगडा तिथेच. जपानी यंत्र सेकंदाला ६० चित्रं काढतं, हे पालवालं ५०. या गेमचा सगळा हिशेब चित्रांवर चालतो, सेकंदांवर नाही. दर चित्राला गाडी इतकी पुढे, दर चित्राला घड्याळ इतकं पुढे. चित्रं कमी झाली की आख्खं जगच सहास पाच या प्रमाणात मंदावतं, घड्याळासकट. म्हणून स्क्रीनकडे बघून कधीच कळत नाही. वर सीपीयूचा वेग जपानी यंत्राच्या जवळपास ठेवलाय, १.७९ च्या जागी १.७७ मेगाहर्ट्झ. त्यामुळे संगीताची पट्टी जवळजवळ तीच राहते, फक्त लय संथ. बेसूर वाजलं असतं तर तीस वर्षांपूर्वीच शंका आली असती.

म्हणजे गाडी चिकट नव्हती, रबरही चांगलं होतं, अंगठाही. (तपकीर गल्लीतल्या दुसऱ्या दुकानदाराची मनातल्या मनात माफी मागितली.) आणि ज्याला मी ‘खरा’ एक्साइटबाइक समजत होतो तो खरा नव्हताच. ६० हर्ट्झवर त्याला साडेआठ. इंजिन तापणं आणि बाणावरून जाऊन ते गार करणं, यातली घाई आत्ता कळली. ट्रॅक बनवायच्या भागातलं ‘सेव्ह’ अजूनही काही करत नाही, त्याला टेपवर साठवणारा जपानी डेटा रेकॉर्डर लागतो, त्याचा अर्धा गुण कापलाय.

सगळ्यात दुखलं ते ट्रॅक अँड फील्ड, जिथे बटण जितकं भराभर दाबाल तितकं धावता. शंभर मीटरमधला माझा ९.१ चा विक्रम वहीत लाल शाईने लिहिलेला आहे. बोटांचा वेग खऱ्या सेकंदात मोजा. मी सेकंदाला दहा वेळा बटण दाबत असेन, तर जपानी यंत्राच्या एका सेकंदात दहा दाबे बसतात, माझ्या डब्याच्या एका ‘सेकंदात’ बारा. वीस टक्के फुकट! उघड उघड डोपिंग. फॅमिकॉमवर माझे १०.४ आले आणि दंडात गोळा आला.

दादाला कोथरूडला फोन करून सांगितलं की आपले सगळे विक्रम रद्द.

‘तुझे रद्द कर,’ तो म्हणाला, ‘माझी लांब उडी आहे.’

‘दादा, उडीच्या आधी धावायचं असतं.’

‘मग आपण दोघंही त्याच डब्यावर खेळलो ना? मी तुझ्यापेक्षा पुढे होतो, हे रद्द होत नाही.’

याला उत्तर नाही.

आइस हॉकी ६० वर पूर्ण वेगळा खेळ आहे. जाडा, मध्यम, काटकुळा यांतून चौघं निवडताना आम्ही डोळे झाकून काटकुळे घ्यायचो, कारण संथ डब्यावर वेग हाच राजा. आता दोन जाडे लागतात. सातावरून नऊ. टेनिसमध्ये खुर्चीवर मारिओ बसतो यापलीकडे ५० वर सांगण्यासारखं काही नव्हतं. ६० वरही फारसं नाही. सहा ते सहा.

गोल ३ या फुटबॉलच्या गेममधलं खेळाडूंचं लुकलुकणं मात्र तसंच राहिलं. एका आडव्या ओळीत हे यंत्र आठच स्प्राइट (हलणाऱ्या चित्रांचे तुकडे) दाखवतं, एक खेळाडू दोन स्प्राइट रुंद, म्हणजे पाचवा ओळीत आला की कोणीतरी गायब. तरी ६० वर डोळ्यांना कमी टोचतं, कारण गायब झालेला लवकर परत येतो. कॅसेटवर नाव गोल ३ असलं तरी मूळचा हा टेक्नोस कंपनीचा १९९३ चा कुनिओ-कुन मालिकेतला सॉकर लीग. साडेनऊ, आणि यावर वाद घालायची माझी तयारी आहे.

इथपर्यंत लिहिलं तेव्हा ठरलं होतं की जुना डबाच ६० चा करायचा. मग हिशेब केला. नुसता एनटीएससीचा २१.४७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल टाकला तर वेग वाढायच्या ऐवजी ४० हर्ट्झवर येतो, कारण चिप आतल्या आत वेगळ्या आकड्याने भागतात. दोन्ही चिप बदलायला हव्यात, आणि मग त्यात माझा डबा म्हणून उरतं काय? प्लास्टिक. बेत रद्द. गुणांचे दोन रकाने करतो, ६० चा आणि ५० चा. ५० च्या रकान्याला दादा ‘आपला रकाना’ म्हणतो. रंगासाठी रविवारी जुन्या बाजारात मल्टिसिस्टिम टीव्ही शोधणार आहे. कोणी आधी उचलू नका.

आणि हे दोन रकाने आखताना सुचलं: बीम सॉफ्टवेअरचा इंटरनॅशनल क्रिकेट! १९९२ चा, निघाला फक्त ऑस्ट्रेलियात, म्हणजे मुळातच ५० हर्ट्झसाठी लिहिलेला. या एका खेळात फॅमिकॉम घाई करणार आणि माझा डबा बरोबर ठरणार. कॅसेट ७२ पिनांची, डबा ६० पिनांचा, म्हणून अडॅप्टर लागेल. दोन ठिकाणी विचारलंय. एकाने लगेच ‘आहे ना साहेब’ म्हणून फोटो पाठवला. तो नेमका उलटा होता.