हाय सिएरा: रॉय अर्लचा हिशेब कुठे चुकला

शनिवार, रात्र.

राऊल वॉल्शच्या 'हाय सिएरा'वर (१९४१) लिहिताना बहुतेक जण शेवटच्या कड्यापासून सुरुवात करतात. मला वाटतं, ती सुरुवात चुकीची आहे. रॉय अर्ल, म्हणजे हम्फ्री बोगार्टने केलेला दरोडेखोर, हरतो तो त्याच्या खूप आधी. नशीब, नियती वगैरे शब्द या चित्रपटाला फार सैल पडतात. इथे एकेक कारण पडद्यावर दिसतं, आणि ती कारणं ओळीने मांडली की चित्रपट किती घट्ट विणलाय ते कळतं.

पहिलं कारण म्हणजे सुटका. रॉयला माफी मिळते ती बिग मॅक या म्होरक्याने विकत घेतलेली. म्हणजे तुरुंगाच्या दारातून बाहेर पडतानाच त्याच्या डोक्यावर कर्ज आहे, आणि ते फेडायचं तर कॅलिफोर्नियातल्या ट्रॉपिको स्प्रिंग्ज या श्रीमंतांच्या हॉटेलवर दरोडा घालायचा. सुटल्यावर तो आधी बागेत जातो, गवत आणि झाडं बघतो, मग कामाला लागतो. ते दृश्य काही क्षणांचं आहे, पण त्यातून माणूस कळतो.

दुसरं, माणसांची निवड. कामासाठी दिलेले रेड आणि बेब हे दोघे पोरगेलेसे, आपापसात भांडणारे. हॉटेलात आतला माणूस म्हणून मेंडोझा हा कारकून, आणि तो पहिल्यापासूनच घाबरलेला. रॉय पहिल्याच भेटीत हे ओळखतो. तो मेंडोझाला दम भरतो, पण त्याला बदलू शकत नाही, कारण जुळवाजुळव त्याची नाही, बिग मॅकची आहे. दरोड्याच्या रात्री तेच घडतं. मध्येच अडथळा येतो, गोळीबार होतो, पहारेकरी पडतो. रेड, बेब आणि मेंडोझा वेगळ्या गाडीतून सुसाट निघतात, गाडी रस्ता सोडते आणि पेटते. पहिले दोघे मरतात. मेंडोझा जगतो आणि बोलतो. आतला माणूस जिवंत हाती लागला की पोलिसांना नाव मिळायला वेळ लागत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती आहे पैशाची साखळी. दागिने रॉयच्या हातात आहेत, पण दागिन्यांनी पेट्रोल भरता येत नाही. ते रोख पैशात बदलायचे तर बिग मॅक हवा, आणि बिग मॅक आजारी. रॉय पोचतो तेव्हा तो मरून पडलेला असतो. तिथे क्रॅनमर हा पूर्वीचा पोलीस दागिन्यांवर डोळा ठेवून पिस्तूल काढतो. रॉय त्याला मारतो, पण स्वतः जखमी होतो. एवढा मोठा ऐवज जवळ असून हा माणूस शेवटी कफल्लक होतो आणि गल्ल्यातल्या किरकोळ रकमेसाठी एका दुकानात पिस्तूल काढतो. तिथूनच पोलीस त्याच्या मागावर लागतात.

चौथं कारण वर्तमानपत्रं. ती त्याला पिसाळलेला कुत्रा ठरवतात. फोटो छापून येतात, रॉयच्या सोबत असलेल्या मारीचं आणि पार्ड या कुत्र्याचं वर्णनही येतं. चेहरा झाकता येतो, नाव बदलता येतं, पण बाई, पुरुष आणि पांढुरका छोटा कुत्रा हे त्रिकूट लपत नाही. म्हणून रॉय मारी आणि पार्डला बसने वेगळं पाठवतो. निर्णय बरोबरच आहे, फक्त फार उशिरा घेतलेला.

या कथेत जॉन डिलिंजर या बँक लुटारूची आठवण उघडपणे येते. डॉक बँटन हा डॉक्टर रॉयसमोर त्याचं नाव घेतो. डिलिंजर २२ जुलै १९३४ रोजी शिकागोत चित्रपटगृहाबाहेर मारला गेला. म्हणजे रॉय ज्या जगाचा माणूस आहे, ते जग तो आत असतानाच संपलं. मूळ कादंबरीकार डब्ल्यू. आर. बर्नेट, ज्याच्या 'लिटल सीझर'वरून १९३१ साली टोळीपटांची लाट उसळली. त्यानेच जॉन ह्यूस्टनबरोबर ही पटकथा लिहिली. तिकडचा नायक शहरात वर चढतो आणि कोसळतो. इथला नायक चित्रपट सुरू होतानाच कोसळून झालेला आहे. १९३४ पासून प्रॉडक्शन कोड, म्हणजे हॉलिवूडची सेन्सॉर नियमावली, कडकपणे लागू झाला होता. गुन्हेगाराला शिक्षा व्हायलाच हवी, हे आधीच ठरलेलं. वॉल्शने त्या अटीत राहून सहानुभूती पूर्णपणे रॉयच्या बाजूला ठेवली, आणि हे सोपं नव्हतं.

वेल्माचा भाग काही समीक्षकांना जोडलेला वाटतो. मला तो चित्रपटाचा कणा वाटतो. शेती गेलेलं कुटुंब, त्यातली वेल्मा ही पाय जन्मतः वाकडा असलेली मुलगी, तिच्या शस्त्रक्रियेचा खर्च रॉय करतो. ती बरी होते, नाचते, आणि त्याला नाकारते. ती कृतघ्न नाही. तिला तिच्या वयाचं आयुष्य हवं आहे. मारी मात्र पहिल्यापासून तिथेच उभी असते, आयडा लुपिनोच्या त्या थकलेल्या, सावध डोळ्यांनी. श्रेयनामावलीत लुपिनोचं नाव बोगार्टच्या आधी आहे, 'दे ड्राइव्ह बाय नाइट'मुळे. जॉर्ज राफ्टने ही भूमिका नाकारली म्हणून ती बोगार्टकडे आली.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. विली बेस्टने केलेला अल्जर्नन हे कृष्णवर्णीय माणसाचं त्या काळचं अपमानास्पद व्यंगचित्र आहे. आज ते बघताना त्रास होतो, आणि व्हायलाच हवा.

आता पाठलाग. कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन गावातून माउंट व्हिटनी या शिखराच्या पायथ्याकडे जाणारा रस्ता सुमारे २० किलोमीटरचा आहे. गाव साधारण ३,७०० फुटांवर, रस्त्याचं टोक सुमारे ८,३०० फुटांवर. पुढे गाडी जात नाही. भूगोलच इथे सापळा आहे: खाली पोलीस, वर ४,४२१ मीटरचं शिखर. वॉल्शने हे स्टुडिओत उभं केलं नाही, खऱ्या वळणांवर कॅमेरा नेला. टोनी गॉडिओचा कॅमेरा धुळीचे लोट मागे टाकणाऱ्या रॉयच्या प्लिमथ कूपे गाडीला आणि मागच्या मोटारसायकलींना वळणावळणावर वळत राहून पकडतो. म्हणून अंतर खरं वाटतं, उंचीही. मागे पडदा लावून काढलेल्या पाठलागात चाकाखालचा रस्ता कधीच जाणवत नाही.

कड्यावरचं रॉयचं डावपेचाचं गणित समोरून पक्कं आहे. खडक खालच्या गोळ्या अडवतात, वर येणारा माणूस उघड्यावर पडतो. म्हणून रात्रभर कोणी जवळ जाऊ शकत नाही. पण खडक वरून येणारी गोळी अडवत नाही. पोलीस दुर्बिणीची रायफल असलेल्या नेमबाजाला वळसा घालून वर पाठवतात आणि नेम लागायची वाट बघतात. पार्ड भुंकत वर धावतो, मारी जवळच आहे हे रॉयला कळतं, तो तिचं नाव घेत उभा राहतो. तेवढं पुरतं.

वॉल्शने हीच कथा १९४९ साली 'कोलोरॅडो टेरिटरी' म्हणून घोड्यांवर बसवली आणि शेवट आणखी कठोर केला. याच कथेवरचा १९५५ चा रंगीत, रुंद पडद्यावरचा 'आय डाइड अ थाउजंड टाइम्स' मात्र मला जड वाटतो. जॅक पॅलन्स पहिल्या दृश्यापासून धोकादायक दिसतो, आणि गवताकडे बघणारा माणूस त्यात सापडत नाही. दोन्ही बघायचे असतील तर १९४९ चा आधी बघावा.