कापडाला उठाव येतो तो पाण्यात

हातमागावरच्या कापडात उंचवटे, खळगे आणि चुण्या आणण्याचे मार्ग अनेक आहेत. ताण्याच्या, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांच्या, काही पट्ट्या सैल आणि काही घट्ट ठेवता येतात, किंवा आटणारी लोकर न आटणाऱ्या सुताशेजारी विणता येते. मी जादा पिळाच्या धाग्याचा मार्ग निवडला, कारण त्यात उठाव धाग्याच्या स्वतःच्या ओढीतून येतो.

जादा पीळ दिलेला धागा सतत उलगडू पाहतो. ताणाखाली तो गप्प बसतो, पण ओला होऊन मोकळा सुटला की वळसे घेतो आणि शेजारच्या धाग्यांना जवळ ओढतो. धागा निवडताना मी हातभर तुकडा सैल सोडून कोमट पाण्यात बुडवून पाहिला. साधा धागा तसाच तरंगत राहिला, तर जादा पिळाचा धागा पाणी लागताच स्वतःभोवती गुंडाळत आखडून गेला. पिळाची दिशाही तपासून ठेवली: धागा उभा धरल्यावर पिळाच्या रेषा डावीकडून उजवीकडे वर चढत असतील तर तो झेड पीळ, उलट चढत असतील तर एस.

ताणा साध्या सुताचा घेतला आणि फणीत, म्हणजे हे धागे ठरावीक अंतरावर ठेवणाऱ्या कंगव्यात, मुद्दाम विरळ भरला. या जाडीच्या सुताला एरवी सेंटीमीटरला १० धागे ठेवते, तिथे ७ ठेवले. माझ्या मते सगळ्यात निर्णायक पायरी हीच, कारण धाग्यांना सरकायला जागा नसेल तर पीळ कितीही असला तरी कापड आकसत नाही. बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, जादा पिळाची लोकर होती. ती कांडीवर, म्हणजे बाण्याच्या छोट्या नळीवर, भरताना ताण जरा ढिला पडला तरी गाठीसारखे वेढे पडतात, म्हणून भरलेल्या कांड्या वाफेवर धरल्या. वाफेने पीळ तात्पुरता स्थिरावतो आणि गरम पाण्यात पुन्हा जागा होतो.

नमुन्याच्या पहिल्या भागात साध्या विणीत सगळा बाणा झेड पिळाचा घातला. दुसऱ्या भागात दोन धोटे (बाणा आरपार नेणारी साधने) घेऊन दोन फेऱ्या झेड आणि दोन फेऱ्या एस अशा आलटून पालटून विणल्या. तिसऱ्या भागात सगळा बाणा पुन्हा झेड पिळाचाच होता, पण आठ शाफ्टवर (ताण्याचे धागे गटागटाने उचलणाऱ्या चौकटींवर) ट्विलच्या, म्हणजे तिरप्या रेषांच्या विणीच्या, उभ्या पट्ट्या होत्या. एका पट्टीत ताणा वर, शेजारच्या पट्टीत बाणा वर. मागावर तिन्ही भाग सपाट आणि जाळीदार दिसत होते.

गरम पाण्यात टाकल्यावर मात्र काही क्षणांतच फरक उमटला. पहिल्या भागात लांबीच्या दिशेने वेड्यावाकड्या चुण्या धावल्या आणि ४० सेंटीमीटरची रुंदी २४ वर आली. दुसऱ्या भागात विरुद्ध पिळांनी एकमेकांना तोलून धरल्यामुळे चुण्यांऐवजी क्रेपचे, म्हणजे खरखरीत पोताच्या कापडासारखे, बारीक दाणे उठले. तिसरा भाग मला सर्वांत आवडला: शेजारशेजारच्या पट्ट्या विरुद्ध बाजूंना वळत असल्याने घड्या बरोबर त्यांच्या सीमारेषेवर, सरळ आणि खोल पडल्या.

कापड न ताणता आडवे पसरून वाळवले. त्यावर इस्त्री फिरवली की उठाव दबतो, पण पुन्हा भिजवल्यावर तो परत येतो. पहिल्या भागासारखी ६० सेंटीमीटर रुंदीची ओढणी हवी असेल, तर या हिशेबाने फणीत १०० सेंटीमीटर ताणा भरावा लागेल.