सावन की आषाढ

गुरुपौर्णिमा होऊन चार-पाच दिवस झाले असतील, आत्याला इथे इंदुरातच न्यूरोच्या डॉक्टरांकडे नेलं. विसरायला लागलीय. गॅसवर दूध ठेवून देवाला बसते, आणि एकदा तर राजवाड्याहून रामबागेत यायचा रस्ता चुकली, जिथे तिचा जन्म गेला. डॉक्टरांनी आत बोलवायच्या आधी एका मुलीने तिची मेमरी टेस्ट घेतली, हिंदीत. मुलगी चांगली होती, तक्रार तिच्याबद्दल नाहीच. तिने विचारलं, अम्मा, महीना कौनसा चल रहा है? आत्या म्हणाली, आषाढ. मुलीने भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहिलं, तिथे सावन लागला होता, आणि कागदावर शून्य टाकलं.

महाराष्ट्रातल्यांना हे सांगावं लागेल. आपला महिना अमावास्येला संपतो आणि इकडच्या हिंदी लोकांचा पौर्णिमेला, म्हणून वद्य पक्षात ते आपल्यापेक्षा एक महिना पुढे असतात. शेजारी सावन सोमवारचे उपास सुरू होतात तेव्हा आमच्याकडे अजून आषाढ तळणं चाललेलं असतं. आत्याने बरोबर सांगितलं होतं.

मग भाज्या. एका मिनिटात जितक्या आठवतील तितक्या. आलू, गोभी, भिंडी अशी हिंदीत सुरुवात केली बिचारीने, पण पाच-सहा झाल्यावर आपल्या भाषेवर आली, पडवळ, घोसाळं, चाकवत, अळू. मुलगी पेन धरून नुसती बघत राहिली. मी म्हटलं अहो घोसाळं म्हणजे गिलकी, लिहा ना, तर म्हणे भैया बीच में मत बोलिए, टेस्ट है. (नियम म्हणून बरोबर आहे तिचं.)

आत्याला काही झालेलं नाही असं मी म्हणत नाही. एमआरआय झाला, बाकीचं झालं, अल्झायमरची सुरुवात आहे, ते काही त्या आषाढामुळे ठरलं नाही. पण डॉक्टर म्हणाले एका मोठ्या शहरात नवीन औषधाची ट्रायल चालू आहे, सुरुवातीच्या पेशंटांना घेतायत, स्कोअर अमुकच्या वर हवा. आत्याचा दोनने कमी पडला. दोनने! मी मनात घोसाळं आणि पडवळ मोजले.

घरी येऊन सांगितलं तर बाबा भडकलेच. काय बोलून राहिलास तू, इंदुरात राहून ट्रायलचं नाव काढतोस? त्यांचंही चूक नाही. इथे डॉक्टरांनी लहान मुलांवर, मानसिक रुग्णांवर औषधांच्या चाचण्या केल्या, घरच्यांना नीट सांगितलंही नाही असे आरोप झाले होते, महिनोन्‌महिने पेपरात तेच. शेवटी इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेने २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका टाकली, त्यानंतर देशभरात नियम कडक झाले, संमती घेतानाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग वगैरे त्यातूनच आलं. पण बाबांच्या पिढीच्या डोक्यात ट्रायल म्हणजे आपल्याला उंदीर करणार, हेच बसलंय.

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो, तर अमेरिकेतही हेच निघालं. अलाबामातल्या टस्कीगीत १९३२ पासून १९७२ पर्यंत तिथल्या सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० काळ्या पुरुषांवर अभ्यास चालवला, त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता, मधे पेनिसिलिन आलं तरी त्यांना दिलं नाही, का तर आजार पुढे कसा जातो ते बघायचं होतं. आता तिथल्या म्हाताऱ्या काळ्या लोकांना अल्झायमर गोऱ्यांच्या साधारण दुप्पट होतो, आणि त्यावरच्या औषधांपैकी अ‍ॅड्युकॅनुमॅबच्या दोन मोठ्या ट्रायलमध्ये ३,२८५ लोकांत काळे किती, तर १९. लेकॅनेमॅब या दुसऱ्या औषधाच्या ट्रायलमध्ये १,७९५ जण, त्यात काळे शंभरात तीनसुद्धा नाहीत. सरकारी पैशाच्या संशोधनात अल्पसंख्याकांना घ्या असा कायदा तिथे १९९३ पासून आहे, पण या ट्रायल कंपन्यांच्या.

यावर सगळे म्हणतात लोक घाबरतात, अवेअरनेस वाढवा. मला हे ऐकून चीड येते. कारण जे येतात त्यांचं काय होतं? मेंदूच्या स्कॅनमध्ये अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं प्रथिन) ठरल्याइतकं दिसलं नाही म्हणून चाळणीतच गळणाऱ्यांत तिथे काळ्यांचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त आहे. शिवाय लेकॅनेमॅबला दर पंधरा दिवसांनी सलाइन, दीड वर्ष, वर मधे मधे एमआरआय, आणि बरोबर पेशंटला ओळखणारं घरचं माणूस पाहिजेच. आमच्याकडे ते माणूस म्हणजे मी, आणि माझी नोकरी.

बरं, हे नुसतं न्यायाचं प्रकरण नाही. नायजेरियातल्या पार्किन्सनच्या पेशंटांचे नमुने घेतले तेव्हा २०२३ मध्ये जीबीए१ जीनमधला एक बदल सापडला, आजाराचा धोका वाढवणारा, युरोपातल्या लोकांत जवळजवळ नसलेला. इतकी वर्षं तिकडे कुणी बघितलंच नव्हतं म्हणून माहीत नव्हता.

आपल्याकडे काहीच झालं नाही असंही नाही. मानसोपचारतज्ज्ञ मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांतल्या न शिकलेल्या लोकांसाठी स्मरणशक्तीची ३० मार्कांची टेस्ट हिंदीत नव्याने बसवली, नुसतं भाषांतर करून भागलं नाही. पुढे आयसीएमआरने, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने, टेस्टचा संच केला तो आधी पाच भाषांत, हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम. मराठी त्यात नव्हती. आणि असती तरी ती पुण्या-मुंबईत वापरली असती, इंदुरात आमच्यासाठी कोण काढणार होतं? इथे आम्ही सगळे हिंदीतच धरले जातो, कारण हिंदी येते ना आम्हाला.

गंमत म्हणजे ते दोन-तीन भाषा येणंच कामाला येतं म्हणे. न्यूरॉलॉजिस्ट सुवर्णा अल्लाडींनी हैदराबादेत डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) ६४८ पेशंटांचा अभ्यास केला, २०१३ मध्ये छापून आला, एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता, अगदी निरक्षरांतही. आत्या मराठी, हिंदी आणि भाजीवालीशी माळवी बोलते. मी तिला हे सांगितलं तर म्हणाली, मग त्या मुलीला मार्क कापायला काय झालं होतं?

ट्रायल गेली. बाबा खूश आहेत, मी नाही, आत्याला आठवत नाही. पुढची तारीख मागताना मी आधी कालनिर्णय बघितलं आणि शुद्ध पक्षातला दिवस घेतला. तेवढे पंधरा दिवस दोघांचा महिना एकच असतो.