बंड्याला घरी ठेवून, तेही उत्तरायणात

आत्याची पंचाहत्तरी नेमकी १४ जानेवारीला आली, आणि उत्तरायण (म्हणजे इथली पतंगांची संक्रांत) सोडून पुण्याला चाललोय म्हटलं की बडोद्यात लोक वेड्यातच काढतात, पण जायला तर हवंच. बंड्या (आमचा बोका, नसबंदीचं ऑपरेशन झालेला, अंगाने जरा जास्तच भरलेला) घरीच राहणार. मांजर माणसापेक्षा जागेला धरून असतं, त्याला बोर्डिंगमध्ये कुत्र्यांच्या भुंकण्यात टाकण्यापेक्षा वरच्या बेनची कॉलेजातली मुलगी सकाळ-संध्याकाळ येऊन जाईल हे केव्हाही बरं.

आता आपल्याकडे गावाला निघायचं म्हणजे आधी झाकपाक. फिनाइलने फरशी पुसा, कपाटात डांबरगोळ्या टाका, सोफ्यावर धुतलेल्या चादरी, मेन स्विच बंद. सासूबाईंची शिस्तच होती तशी. पण मागे मांजर राहणार असेल तर यातलं जवळजवळ काहीच करायचं नाही, घर जसं आहे तसं राहू द्यायचं, पसाऱ्यासकट. फिनाइल पायांना लागतं, मग तो पाय चाटत बसतो आणि मांजराच्या लिव्हरला असली रसायनं काढून टाकता येत नाहीत (क्रोसिनचंही तेच, अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो, त्यामुळे औषधांचा डबा कपाटात). डांबरगोळ्याही विषारी. आत्यासाठी बुके आदल्या दिवशी आणणार असाल तर त्यात लिली नको, नुसते पराग अंगावरून चाटले तरी किडनी जाते. आणि आमची वापरलेली चादर मुद्दाम न धुता पलंगावर तशीच ठेवलीय, वास ओळखीचा राहतो.

मुलगी दोनदा-तीनदा मी असताना येऊन गेली. पहिल्या दिवशी हे महाराज कपाटावर, ती खाली जमिनीवर मोबाईल बघत बसून राहिली, बोलावलं नाही, हात लावला नाही, तर थोड्या वेळाने स्वतःच उतरून तिची ओढणी हुंगायला लागला. "काकी, आ तो बहु डाह्यो छे!" (हा तर फारच शहाणा आहे!) म्हणाली. डाह्यो वगैरे काही नाही, देवघरातल्या वाती चोरतो, त्या डब्याला मी रबर लावलंय.

तिला सांगितलंय की बंड्याचे गोड फोटो नको पाठवूस, लिटरच्या ट्रेचा (त्याच्या शी-शूच्या वाळूचा) पाठव. हसली ती, पण खरंच सांगते, बोक्याच्या बाबतीत सगळी बातमी तिथेच असते. रोज लघवीने घट्ट झालेल्या वाळूचे लिंबाएवढे दोन-तीन गोळे दिसले की झालं. सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय आणि गोळा एकही नाही, म्हणजे लघवी अडकली, मग मला फोन करायच्याही आधी डॉक्टर, कारण एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. खाणंही तसंच, दिवसभर तोंड लावलं नाही तर कळवायचं, जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की लिव्हरवर चरबी चढते. खाणं तेच जे रोज असतं, वाटी मोजून, लाड म्हणून दूध नाही.

पण माझा खरा जीव टांगणीला आहे तो मांजामुळे. दांडिया बाजारात आमच्याकडे धाब्याला धाबं (गच्चीला गच्ची) लागून, १४ आणि १५ला तर आकाश दिसत नाही, आणि नंतर कितीतरी दिवस दोरीचे तुकडे गॅलरीत, जिन्यात, लोकांच्या चपलांना चिकटून घरात. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात, दोरा तोंडात गेला की थुंकता येत नाही, गिळलाच जातो, एक टोक जिभेखाली अडकतं आणि आतडं त्याच्यावर चुण्यांसारखं गोळा होतं. म्हणून धाब्याचं दार बंद, गॅलरीचं बंद, आत येताना चप्पल बाहेर, आणि तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही म्हणजे नाही, आतडं कापलं जातं. त्या दोन दिवसांत कुठला दवाखाना उघडा असेल हे आधीच विचारून नंबर फ्रिजवर लावलाय. रस्त्यावरच्या जखमी जनावरासाठी १९६२ हा हेल्पलाइन नंबर आहेच.

मुलगीही पतंगवाली, त्यामुळे १४ला ती उजाडायला एकदा येणार आणि एकदम अंधार पडल्यावर, चालेल. वॉशिंग मशीनचं झाकण बंद, कपाटं बंद करण्याआधी आत बघ, एवढं परत सांगितलं.

राहता राहिला मेन स्विच. यांचं अजूनही म्हणणं आहे की बंद करूनच निघायचं. मी म्हटलं मग तिने अंधारात चाचपडत ट्रे साफ करायचा का? शेवटी गीझरचा एमसीबी तेवढा खाली पाडायचा यावर तोडगा निघालाय.