सरांचं पेन, दुसऱ्यांदा

सरांनी पेन परत आणलं ते रुमालात गुंडाळून, आणि तो रुमाल निळा झाला होता. "पन्हाळ्याला गेलो होतो गं. टोपण काढलं आणि सगळी शाई हातावर," एवढंच म्हणाले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते फाउंटन पेन मीच घडवलं होतं, त्यावर माझ्या सहा आठवड्यांच्या संध्याकाळी गेल्या होत्या.

आमची शेड कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात. आबांनी इथं आयुष्यभर ऑइल इंजिनाचे बुश आणि पिना केल्या. दिवसा आजही जॉबवर्कच चालतं. सहानंतर कामगार गेले की मी त्याच लेथच्या चकात, म्हणजे त्याच्या फिरत्या पकडीत, एबोनाइटची कांडी धरते. एबोनाइट म्हणजे रबरात भरपूर गंधक, तीसेक टक्के, घालून तासन् तास भाजलेला पदार्थ. शाईचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही, आणि हाताला तो लोखंडासारखा गार लागत नाही. राजमहेंद्रीला १९३०च्या दशकात स्वदेशीच्या हाकेवर जी पेनं घडली ती याचीच. लोखंडासाठी वापरलेलं टूल इथं चालत नाही. एचएसएसचं, म्हणजे हाय-स्पीड स्टीलचं, टूल दगडावर नव्यानं धार लावून घ्यावं लागतं, मग काळी रिबीन अखंड सुटत राहते. शेडभर गंधकाचा वास होतो. घरी गेल्यावर आई केसांच्या वासावरून ओळखते की आज पेन झालं.

सरांनी आम्हाला शाळेत मराठी शिकवलं. आता अठ्ठ्याहत्तरीत घरी मोडी शिकवतात, आणि जुने कागद वाचून बाळबोधीत उतरवून देतात. रोज आठ-दहा पानं हातानं. बोटांचे सांधे सुजलेले, तरी पेन सुटत नाही.

पहिलं पेन मी माझ्या आवडीचं केलं होतं. सडपातळ, दोन्ही टोकांना निमुळतं, पकडीपाशी दहा मिलिमीटर. दिसायला देखणं होतं, आजही तसंच म्हणेन. पण ते कुणाच्या हातात जाणार हे मी बघितलंच नव्हतं. म्हणून गळकं पेन परत आल्यावर मी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, घेऊन त्यांच्या घरी गेले आणि तासभर नुसती त्यांना लिहिताना बघत बसले. सर टाकावर लिहायला शिकलेली पिढी. पेन फार वर धरतात. त्यांचा अंगठा बरोबर टोपणाच्या आट्यांवर येत होता, आणि अंगठ्यावर आट्यांची बारीक जाळी उमटली होती. त्याबद्दल त्यांनी मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

पकडीचा भाग अठराचा चोवीस मिलिमीटर लांब करायचा आणि दहाचा बारा जाड, असं तिथंच ठरवलं. सोपं वाटतं. पण बोटाला दोन मिलिमीटर दिले की अख्खं पेन हलतं. ही पकड टोपणाच्या आट्यांमधून आत जायला हवी. तेरा मिलिमीटरच्या आट्यात बारा जाडीचा गळा जेमतेम जातो, घासतो. म्हणून आटे चौदाचे. चौदाचे आटे पाडून टोपणाला पुरेशी भिंत उरायला हवी, म्हणून टोपण बाहेरून साडेसोळा. पकड लांब म्हणजे टोपणही सहा मिलिमीटर लांब. एवढं जाड टोपण मागे अडकवून लिहिलं तर तोल मागे जाणार आणि सुजलेली बोटं दुखणार. मग मागचं टोक असं घडवलं की टोपण तिथं बसतच नाही. काहींना हे आवडत नाही, टोपण हरवतं म्हणतात. सर लिहिताना टोपण डाव्या मुठीत धरतात, हे मी त्या तासात बघितलं होतं.

आट्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझा जीव तिथं अडकतो. ०.८ पिचचा, म्हणजे दोन आट्यांत ०.८ मिलिमीटर अंतर असलेला, साधा, एकेरी आटा तीन मिलिमीटर लांब घेतला तर टोपण उघडायला जवळजवळ चार फेरे लागतात. सांधे धरलेल्या माणसाला चार फेरे म्हणजे शिक्षा. म्हणून तिहेरी आटा, शेजारीशेजारी जाणारे तीन. लेथला दर फेऱ्याला २.४ ची चाल लावायची, एक आटा पाडायचा, टूल धरणारी वरची स्लाइड बरोबर ०.८ पुढे घेऊन दुसरा, पुन्हा ०.८ घेऊन तिसरा. स्लाइडमधली ढील आधी एकाच बाजूला काढून घेतली नाही तर तिसरा आटा दुसऱ्याच्या अंगावर चढतो आणि कांडी फुकट जाते. या पेनाच्या दोन कांड्या अशाच गेल्या. जमलं की टोपण सव्वा फेऱ्यात सुटतं. शेवटी आट्यांचे माथे पॉलिश पेपरनं किंचित बोथट करते, म्हणजे चुकून अंगठा आलाच तरी टोचत नाही.

आता गळतीचं. सरांना ड्रॉपरनं पेनाच्या पोटातच शाई भरायची सवय. पोटात तीन मिली शाई मावते, कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे शाई ओढून घेणाऱ्या सुट्ट्या नळीत, एकाच्याही आत. पण शाई निम्म्याच्या खाली गेली की वरच्या जागेत हवा असते. हाताच्या उबेनं ती फुगते आणि शाईला जिभेतून, म्हणजे निबखालच्या शाई पुरवणाऱ्या तुकड्यातून, बाहेर ढकलते. एबोनाइटमधून उष्णता हळू जाते म्हणून रोजच्या लिहिण्यात निभावतं. पन्हाळा मात्र कोल्हापूरपेक्षा चारेकशे मीटर उंच. तिथं बाहेरच्या हवेचा दाब कमी, पेनातली हवा फुगते, आणि पेन होतं शबनम पिशवीत आडवं. खिशात निब वर असती तर निदान हवा निघून गेली असती.

कन्व्हर्टर लावा म्हटलं तर सर म्हणाले, "एवढ्याशा शाईत दोन पत्रंसुद्धा होणार नाहीत." त्यांचं बरोबर होतं. म्हणून पोट दोन्हीला चालेल असं बोअर केलं. भोक पहिल्यापेक्षा अर्धा मिलिमीटर बारीक ठेवलं, म्हणजे भिंत जाड झाली आणि ऊब आत जायला आणखी वेळ लागतो. सांध्याला रबरी रिंग आणि सिलिकॉन ग्रीस. घरी ड्रॉपरनं भरायचं, गावाला जाताना पेन काठोकाठ भरून किंवा कन्व्हर्टर लावून न्यायचं. हे मी कागदावर लिहून त्यांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवून आले.

निबच्या बाबतीत हट्ट माझा होता आणि हरलेही मीच. देवनागरीसाठी बोरू इंग्रजीच्या उलट बाजूला तिरका छाटतात. तसंच तोंड मी जर्मन स्टीलच्या सहा नंबर निबला घासून दिलं. बाळबोधीत अक्षर असं उठून आलं की सर दोन मिनिटं बोलले नाहीत. मग त्यांनी मोडी लिहायला घेतली. मोडीत हात उचलायचा नसतो, एकेक वळण दुसऱ्यात जातं. वरच्या वळणावर निबची कड कागदात रुतली. तीनदा लिहून बघितलं, तीनदा रुतली. ती निब आता माझ्याकडे आहे. त्यांच्या पेनाला साधी गोल टोकाची फाइन बसवली, आणि एबोनाइटच्या जिभेची चीर थोडी खोल केली, म्हणजे न थांबता लिहिताना शाई मागे पडत नाही. त्याहून जाड मिडियम निब नको झाली. 'थ', 'ध', 'भ' यांची पोटं भरून जातात.

टोपणाच्या काठाला चांदीचं कडं असावं असं मला फार वाटत होतं. शेजारी हुपरी असताना चांदी नाही तर काय! एका कारागिरानं सुरेख कडं करून दिलं, बारीक गोफ विणल्यासारखं. तीन आठवड्यांत काळंठिक्कर. एबोनाइटमधलं गंधक चांदीला खातं, हे मला आधी कळायला हवं होतं. गुजरीत, सराफ बाजारात, विचारलं तर सोन्याचा मुलामा द्या म्हणाले. मन झालं नाही. कडं काढून टाकलं, आता काठ नुसता काळा आहे, बफिंग न करता बारीक पेपरनं मॅट ठेवलेला. ओल्या बोटांतही निसटत नाही.

राहिली क्लिप. माझं पेन बिनक्लिपचंच असतं, टेबलावरून गडगडू नये म्हणून टोपणाला एक चपटी बाजू ठेवली की काम होतं. सरांना मात्र पेन खिशालाच हवं, आणि पन्हाळ्याच्या प्रकारानंतर ते उभं, निब वर राहावं असं मलाही वाटतं. स्टेनलेस स्टीलच्या चार पट्ट्या वाकवून झाल्या. दोन खादीच्या जाड कापडावर चढतच नाहीत, दोन सैल. पाचवी करण्याआधी काकूंकडून सरांचा एक जुना सदरा मागून आणलाय. तो लेथशेजारी खुंटीला टांगलाय. उद्या सहानंतर त्याच्या खिशाची शिवण किती जाड आहे ते मोजणार आहे.