तुम्ही विचारलंत म्हणून: चोवीस तासांत इस्तंबूल बघून होतं का?

मुलीकडे शिकागोला पाच महिने राहायला निघालो आणि वाटेत इस्तंबूलला एक दिवस उतरलो, हे ऐकलं की दहातले आठ जण हेच विचारतात, "एवढ्याशा वेळात काय बघून होतं हो? उगाच दगदग." तुम्हीही विचारलंत, म्हणून खरं ते सांगते. बघून काही होत नाही. यांच्या यादीत सात ठिकाणं होती, शेजारी वेळा घातलेली. झालं एक. आणि एक बोट.

अमेरिकेचा व्हिसा असल्यामुळे तुर्कीचा ई-व्हिसा घरबसल्या मिळाला. मोठ्या बॅगा परस्पर शिकागोला गेल्या. हॉटेलवाल्याने खोली चारच्या आत द्यायला नकार दिला, तेव्हा पाठीवर सॅक घेऊनच आयासोफिया गाठलं. तिकीट माणशी 25 युरो. यांनी मनात केलेला गुणाकार मला चेहऱ्यावर दिसला.

537 साली पुरं झालेलं हे चर्च, 1453 पासून मशीद, मध्ये म्युझियम, 2020 पासून परत मशीद. खालचा भाग नमाजासाठी, म्हणून आपल्याला वरच्या सज्ज्यातच सोडतात. वर जायला पायऱ्या कमी, दगडी चढणच जास्त; माझ्या गुडघ्यांनी त्या गवंड्यांना दुवा दिला. घुमटाचं वर्णन मी करत नाही, ते फोटोत असतंच. दक्षिणेकडच्या सज्ज्यात संगमरवरी कठड्यावर काही ओरखडे आहेत, ते मात्र सांगते. हजारएक वर्षांपूर्वी उत्तर युरोपातून इथवर आलेल्या कुणा व्हायकिंगने रून या त्यांच्या जुन्या लिपीत आपलं नाव खरवडून ठेवलंय. ‘हाल्फदान’ एवढंच त्यातलं लागतं. प्रार्थना लांबली असेल, कंटाळला असेल. आमचे हे म्हणजे सिंहगडावर बदाम-बाण कोरणाऱ्या पोरांना हटकून झापणारे. "यालाही फटकावायला हवा होता," म्हणाले, आणि चार फोटो काढले.

बाहेर आलो. दुसऱ्या नंबरावर जमिनीखालचं 336 खांबांचं जुनं पाणीटाकं. तिथली रांग बघून मी कट्ट्यावर बसकण मारली. "अगं, अजून सहा आहेत." "तुम्ही जाऊन या, मी इथे बसते." गेले नाहीत.

मग ट्रामने एमिनोनूचा धक्का आणि तिथून काडिकोयची बोट. युरोपातून आशियात, वीसेक मिनिटांत, आणि भाडं आयासोफियाच्या तिकिटापुढे चिल्लर. बाहेरच्या बाकावर बसलो. कमरेत बारीक अशा काचेच्या ग्लासात बिनदुधाचा चहा आला, बशीत साखरेचे दोन खडे. धक्क्यावर घेतलेला सिमिट, म्हणजे तीळ लावलेलं पावाचं कडं, मी मोडायला घेतलं आणि सीगल हाताशी येऊन तरंगू लागले. गेटवेहून मांडव्याला जाताना वेफर्ससाठी येतात ना, अगदी तसेच. दारावर पाटी होती, ‘दिक्कत’. हे घाबरले. तिकडे त्याचा अर्थ ‘सावधान’. नंतर तर आम्हाला खेळच मिळाला. साबण म्हणजे साबुन, दुकान म्हणजे दुक्कान, चौकाला मैदान. पलीकडे उतरून मसुराचं सूप प्यायलो, तर बिलाला म्हणतात ‘हेसाप’. आपला हिशेबच की.

डावीकडे हैदरपाशाचं जुनं रेल्वे स्टेशन, अगदी पाण्याच्या काठाला. एके काळी आशियाच्या बाजूची गाडी इथे संपायची आणि युरोपात जायचं तर पुढे बोटच. ते यादीत नव्हतं. जाताना पाहिलं, येताना पाहिलं, आणि परत एमिनोनूला पोचल्यावर मी म्हटलं, "अहो, अजून एक फेरी?" तेव्हा तिसऱ्यांदा पाहिलं.

त्या फेरीत यांनी खिशातून यादी काढली. मला वाटलं, आता भांडण. तर त्यांनी उरलेलं अर्धं सिमिट तिच्यात गुंडाळलं आणि सॅकमध्ये टाकलं.